दप्तर, हंडा आणि लेकरांची कंबर

हप्ते जमा झाले असतील, वही बंद झाली असेल, तर दहा-पंधरा मिनिटं निवांत ऐका. आज कर्जाविषयी नाही, लेकरांच्या पाठीविषयी बोलायचं आहे.

गटाच्या बैठकीत अलीकडे एक वाक्य कानावर येतं, "तिसरीतला पोरगा म्हणतो, आई, कंबर दुखते." ऐकणाऱ्या हसतात. एखादी मावशी म्हणते, "एवढ्याशा लेकराला कुठली आलीय कंबर?" आपल्याकडे लहान मुलाला कंबर नसते असं मोठी माणसं गंमतीत म्हणतच आली आहेत. पण मुलाच्या पाठीचा विचार या देशात संसदेपर्यंत जाऊन आला आहे, न्यायालयात गेला आहे, त्यावर समित्या बसल्या आणि शासन निर्णय निघाले. तो इतिहास आपल्या बायांना माहीत असावा असं मला वाटतं, कारण या सगळ्या कागदांत एक ओझं मोजलं गेलं आणि दुसरं राहून गेलं.

सुरुवात 'दप्तर' या शब्दापासून करू. हा शब्द मूळचा आपला नाही, फारसीतून आला. त्याचा अर्थ सरकारी कागदपत्रं, हिशेबाच्या वह्या. पेशव्यांचं दप्तर पुण्यात आजही जपून ठेवलेलं आहे. त्यातले मोडी कागद कापडात गुंडाळून बांधतात, त्या गाठोड्याला 'रुमाल' म्हणतात. म्हणजे दप्तर ही कारकुनाची वस्तू. ती मुलाच्या पाठीवर कशी आली, हीच शाळेची गोष्ट आहे.

जुन्या पंतोजींच्या शाळेत मुलाला काही वाहून न्यावं लागत नसे. लाकडी फळीवर धूळ पसरायची आणि बोटाने किंवा काडीने अक्षर काढायचं. चुकलं की हात फिरवायचा, पाटी कोरी. 'धुळाक्षरं गिरवणं' हा शब्द तिथूनच आला. पाढे तोंडपाठ, हिशेब तोंडपाठ, पुस्तक जवळजवळ नाहीच. अर्थात त्या शाळेचं गुणगान मला गायचं नाही. तिथे आपल्यातल्या बहुतेकींच्या पणज्यांना प्रवेशच नव्हता. पुण्यात १८४८ साली सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली तेव्हा कुठे दार किलकिलं झालं. आणि पाठीचंच म्हणाल, तर पंतोजींची एक आवडती शिक्षा होती अंगठे धरण्याची. कंबरेत वाकून पायाचे अंगठे धरायचे आणि तसंच उभं राहायचं. कधी वर पाठीवर दगड ठेवायचा. ही शिक्षा एवढी चिवट निघाली की आमच्या पिढीनेही ती पाहिली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यावर बंदी घातली. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. म्हणजे मुलाची कंबर वाकवायची नाही हे कायद्याने सांगायला एकविसावं शतक उजाडलं.

धुळीनंतर दगडी पाटी आली. आपल्या आयांच्या पिढीचं दप्तर आठवा. खताच्या पिशवीची शिवलेली किंवा जुन्या लुगड्याची पिशवी, त्यात लाकडी चौकटीची एक पाटी, दोन पेन्सिलींचे तुकडे आणि एखादं पुस्तक. संपलं. ही पाटी आंध्रातल्या मार्कापूरच्या खाणींतून यायची आणि पाटीवरची पेन्सिल मध्य प्रदेशातल्या मंदसौरहून. जाता जाता सांगते, मंदसौरला पेन्सिली कापणाऱ्या कामगारांच्या छातीत दगडाची धूळ बसून कितीतरी माणसं तरुणपणी गेली. अखेर त्या कामगारांच्या कल्याणासाठी मध्य प्रदेशाला १९८२ साली वेगळा कायदा करावा लागला. मुलाच्या पाठीवर हलकी असलेली वस्तू दुसऱ्या कुणाच्या तरी छातीवर जड होती.

मग पुस्तकं वाढली. कोठारी आयोगाच्या काळात दर्जेदार आणि स्वस्त पाठ्यपुस्तकांची गरज पुढे आली आणि २७ जानेवारी १९६७ ला पुण्यात पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली बालभारती, स्थापन झाली. ही फार मोठी गोष्ट होती. गडचिरोलीच्या आणि मुंबईच्या मुलाच्या हातात एकच पुस्तक आलं. पुस्तक वाढलं याचं दुःख करू नये, पुस्तकासाठी तर आपण भांडलो. पण विषयागणिक पुस्तक, पुस्तकागणिक वही, त्यात घरची वही वेगळी आणि शाळेची वेगळी, निबंधाची वेगळी, शुद्धलेखनाची वेगळी, असं होत गेलं. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आली. इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळा तालुक्याच्या गावी निघाल्या आणि त्यांच्याबरोबर स्वाध्याय पुस्तिका, मार्गदर्शक, जाड कव्हरं, डायरी, रंगपेटी, दोन डबे आणि लिटरभर पाण्याची बाटली आली. पिवळ्या गाडीत चढणाऱ्या पोराचं दप्तर आधी आत जातं, पोरगं मागून.

या ओझ्याविषयी देशात पहिल्यांदा मोठ्याने बोलला तो एक लेखक. 'मालगुडी डेज' ही दूरदर्शनची मालिका आपल्यातल्या पुष्कळजणींनी पाहिली असेल, तो स्वामी नावाचा खोडकर मुलगा आठवतो ना? त्या गोष्टी लिहिणारे आर. के. नारायण. त्यांना राज्यसभेवर नेमलं होतं. १९८९ साली ते सभागृहात पहिल्यांदा बोलायला उभे राहिले आणि बोलले ते शाळकरी मुलांच्या दप्तरावर. ओझ्याने वाकून चालणाऱ्या मुलांचं आणि हरवलेल्या बालपणाचं त्यांनी तिथे वर्णन केलं. म्हाताऱ्या लेखकाला पहिल्या भाषणासाठी हाच विषय सुचला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

त्यानंतर मार्च १९९२ मध्ये केंद्र सरकारने एक समिती नेमली. अध्यक्ष होते प्राध्यापक यशपाल. ते शिक्षणाधिकारी नव्हते, आकाशातल्या किरणांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ होते, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी बरीच वर्षं काम केलं होतं. जुलै १९९३ मध्ये समितीने छोटासाच अहवाल दिला, त्याचं नाव 'ओझ्याविना शिक्षण' अशा अर्थाचं. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, प्राथमिकच्या मुलांना पाठ्यपुस्तकातला गृहपाठ नको आणि पुस्तकं शाळेची मालमत्ता समजून शाळेतच ठेवावीत, रोज वाहून नेण्याची गरज नाही. दुसरी गोष्ट जास्त खोल आहे. दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचं ओझं मोठं आहे असं समितीचं म्हणणं. मुलाला कळत नाही, तरी पाठ करायला लावतात, तो खरा भार.

हा अहवाल सगळ्यांनी वाखाणला. पण पुस्तकं शाळेत ठेवायची तर कपाट हवं, कपाटाला खोली हवी, खोलीला न गळणारं छप्पर हवं. पावसाळ्यात आपल्या किती शाळांत कागद कोरडा राहतो? अंमलबजावणी अडते ती अशा ठिकाणी. दिल्लीतल्या शिफारशीला आपल्याकडचा पत्रा गळतो हे माहीत नसतं.

२००६ साली राज्यसभेत दप्तराच्या वजनावर मर्यादा घालणारं विधेयक मांडलं गेलं. मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त दप्तर नको, असं त्यात होतं. त्याचा कायदा झाला नाही, पण दहा टक्क्यांचा आकडा मात्र तेव्हापासून सगळीकडे फिरतो आहे.

महाराष्ट्रात हा विषय मुंबई उच्च न्यायालयात गेला. जनहित याचिका झाली, राज्य सरकारने समिती नेमली आणि जुलै २०१५ मध्ये शासन निर्णय निघाला. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांत ठेवायचं आणि ते पाहण्याची जबाबदारी मुख्याध्यापक आणि संस्थेची. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१६ मध्ये, चंद्रपूरला एक गोष्ट घडली, ती मी प्रत्येक गटात सांगते. सातवीतली दोन मुलं सरळ पत्रकारांपुढे जाऊन बसली आणि त्यांनी पत्रकार परिषद घेतली! म्हणाली, आम्ही रोज सोळा-वीस पुस्तकं-वह्या नेतो, दप्तर पाच ते सात किलोचं होतं आणि वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहे, पाठ दुखते. शाळेत सांगून पाहिलं, उपयोग झाला नाही, म्हणून इथे आलो. न्यायालय, सरकार, समित्या बोलत होत्या, पण ज्याच्या पाठीवर ओझं तोच बोलला, हे त्या दिवशी झालं.

पुढचं थोडक्यात. मद्रास उच्च न्यायालयाच्या मे २०१८ च्या आदेशानंतर केंद्राने त्याच वर्षी इयत्तेप्रमाणे वजनं ठरवून दिली आणि २०२० साली दप्तर धोरण आणलं. त्या धोरणाप्रमाणे पहिली-दुसरीचं दप्तर १.६ ते २.२ किलो, तिसरी ते पाचवीचं १.७ ते २.५ किलो, सहावी-सातवीचं २ ते ३ किलो. बालवाडीला दप्तरच नाही. त्याच धोरणात असंही आहे की शाळेने चांगलं जेवण आणि पिण्याचं स्वच्छ पाणी द्यावं, म्हणजे डबा आणि भरलेली बाटली मुलाला न्यावी लागणार नाही.

आपल्या राज्याने २०२३ साली एक वेगळा प्रयोग केला. पुस्तकाचे चार भाग केले आणि पुस्तकातच वहीची कोरी पानं घातली. पहिला भाग झाला की दुसरा, वही वेगळी नको. कल्पना चांगली होती. पण मुलं तीही पुस्तकं नेऊ लागली आणि वह्याही, कारण पानं पुरेनात आणि गुरुजींना वही तपासायची सवय. जानेवारी २०२५ मध्ये ही कोरी पानं बंद करण्याचा निर्णय झाला.

आता प्रश्न असा, की मुलांची कंबर खरंच दप्तराने दुखते का? इथे मला जरा सावकाश बोलायचं आहे, कारण आपण ऐकीव गोष्टीवर पटकन विश्वास ठेवतो. पूर्वी डॉक्टर मंडळी मानत, की मुलांत कंबरदुखी क्वचित. ते खरं नाही असं पाहण्यांतून दिसलं. डेन्मार्कमध्ये हजारो जुळ्या भावंडांची माहिती घेतली होती, ती १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात मुली अठरा वर्षांच्या आणि मुलगे वीस वर्षांचे होईतो निम्म्याहून जास्त जणांची कंबर एकदा तरी दुखून गेली होती. प्राथमिकच्या वयात हे प्रमाण कमी असतं, दहा-बारा वर्षांनंतर, अंग वाढायला लागलं की चढत जातं. आणि २०१८ मध्ये संशोधकांनी जगभरातले ६९ अभ्यास एकत्र तपासले तेव्हा दप्तराच्या वजनामुळेच मुलांची पाठ दुखते असा खात्रीचा पुरावा त्यांना सापडला नाही. दप्तर जड 'वाटतं' म्हणणाऱ्या मुलांमध्ये मात्र काही ठिकाणी दुखण्याशी संबंध दिसला.

म्हणून दप्तर हलकं करू नका असं मी म्हणत नाही. वीस किलोच्या पोराने पाच किलो का वाहावं? पोरगं दमतं, एका खांद्यावर अडकवून तिरकं चालतं, तेवढं कारण पुरे. पण दप्तर हलकं झालं की पाठीचा प्रश्न सुटला, असं समजू नये. तासन्तास एका जागी बसणं, न खेळणं, मनावरचा ताण, अपुरी झोप, याही गोष्टी अभ्यासक मोजतात. आपल्या शाळांत मुलं सतरंजीवर मांडी घालून, मांडीवर वही घेऊन, मान खाली घालून लिहितात. मांडी घालून बसणं वाईट नाही, सलग तीन तास तसंच बसणं वाईट. दर तासाला उठवून दोन मिनिटं हातपाय हलवायला लावलं तर कसला खर्च येतो?

आणि आपल्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेचं दप्तर खरं तर फार जड नसतंच. पहिली-दुसरीला पुस्तकं थोडी, जेवण शाळेत. मला आठवतं, आम्ही शाळेत होतो तेव्हा शिजलेली खिचडी नव्हती, १९९५ च्या योजनेप्रमाणे हजेरी भरली की महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायचा. तो घरी न्यायला आम्हीच. त्या दिवशी डोक्यावर तांदूळ, खांद्यावर पिशवी, आणि चेहऱ्यावर आनंद. ते ओझं कुणालाच जड झालं नाही.

जड झालं ते वेगळंच, आणि ते कुठल्या समितीने ताणकाट्याला लावलं नाही. दहा वर्षांची पोरगी. वजन अठ्ठावीस किलो धरा. सकाळी शाळेआधी आडावरून किंवा टँकरवरून कळशी आणते. दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो, वर भांड्याचं वजन. म्हणजे अंगाच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त, आणि एक खेप नाही, तीन-चार. मग आई कामावर गेली की धाकटा भाऊ कडेवर. वर्षाचं मूल आठ-नऊ किलोचं असतं आणि ते एकाच बाजूला, कंबर बाहेर काढून घ्यावं लागतं. दप्तराला दहा टक्के म्हणणारा कायदेपंडित हे पाहील तर काय म्हणेल? दक्षिण आफ्रिकेतल्या लिम्पोपो प्रांतात पाणी वाहणाऱ्यांची एक छोटी पाहणी झाली, ती २०१० साली प्रसिद्ध झाली. त्यात अर्ध्याहून जास्त जणांनी मान नाहीतर पाठ दुखते असं सांगितलं. आपल्याला ते सांगायला आफ्रिकेत जायला नको, पण कुणीतरी मोजलं हे बरं.

कायदाही इथे गप्प बसतो. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवायला सगळीकडे बंदी आली, पण शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत घरच्या कामात मदत करायला मोकळीक राहिली. मदत म्हणजे किती किलो, ते लिहिलेलं नाही. ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेल्या मुली झोपडी सांभाळतात, पाणी भरतात, भावंडं सांभाळतात. ती मदतच.

१५ ऑगस्ट २०१९ ला घरोघर नळ देण्याची योजना जाहीर झाली, २०२४ पर्यंत पूर्ण करायची होती, आता मुदत २०२८ पर्यंत वाढली आहे. बऱ्याच गावांत नळ आले, हे मान्य करायलाच हवं. जिथे नळाला रोज पाणी येतं तिथल्या पोरींची सकाळ बदलली. जिथे चार दिवसाआड येतं तिथे पोरगी अजून आडावरच आहे. म्हणून मला ग्रामसभेत पाण्याचा विषय निघाला की तो पोरींच्या पाठीचाही विषय वाटतो.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. इंग्लंडमधले शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ साली मणक्याच्या एका आजाराचं वर्णन लिहिलं. पाठीला बाक किंवा कुबड येतं आणि पुढे पायांतली ताकद जाते. तो मणक्याचा क्षय, म्हणजे टीबी. सव्वादोनशेहून जास्त वर्षं झाली, तो आजार आपल्या देशातून गेलेला नाही आणि मुलांनाही होतो. म्हणून मुलाची पाठ दोन-तीन आठवडे दुखतच राहिली, रात्री झोपेतून उठवत असेल, संध्याकाळी ताप येतो, वजन उतरतं, पाठ ताठ धरून चालतं, मणक्यावर उंचवटा दिसतो, पायांत जोर नाही, तर दप्तराला दोष देत बसायचं नाही, त्याच आठवड्यात सरकारी दवाखाना गाठायचा. लघवी-शौचावरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी. मालिश, लेप, दृष्ट काढणं, हाडं बसवणाऱ्याकडे नेऊन पाठ दाबणं, यात दिवस घालवू नका. टीबीची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात फुकट आहेत, आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १००० रुपये खात्यावर येतात.

आता गटाने करायच्या गोष्टी. अंगणवाडीत काटा असतो, नाहीतर दुकानदाराचा मागून घ्या. एका शनिवारी शाळेत जाऊन आधी मूल तोला, मग दप्तर. पंचवीस किलोच्या मुलाला अडीच किलो, इतका साधा हिशेब आहे. जास्त भरलं तर दप्तर उघडून पाहा. निम्म्या वेळा आत गेल्या वर्षीच्या वह्या, गोट्या आणि दगड निघतात! पट्टे दोन्ही खांद्यांवर, पिशवी कंबरेखाली लोंबू द्यायची नाही, जाड पुस्तक पाठीच्या बाजूला. पाण्याची बाटली भरलेली का न्यावी लागते, हे शाळेला विचारा, शाळेची टाकी कधी धुतली तेही विचारा.

विचारायचा हक्क आपल्याला आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या बाया असायला हव्यात. कागदावर त्या असतातच. सहीपुरत्या असतील तर पुढच्या सभेला दोघी-तिघींनी मिळून जा आणि वेळापत्रक मागा, कुठल्या दिवशी कुठली पुस्तकं ते. कपाट नसेल तर ग्रामपंचायतीच्या आराखड्यात एक कपाट घालायला सांगा.

आणि वर्षातून एकदा शाळेत आरोग्य तपासणीची गाडी येते, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची. हा कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. पथक घाईत असतं, डोळे, दात, वजन पाहून पुढे जातं. ज्या मुलाची पाठ दुखते किंवा ज्या मुलीचा एक खांदा वर दिसतो, तिचं नाव आदल्या दिवशीच आशाताईकडे आणि बाईंकडे लिहून द्या, म्हणजे डॉक्टर तिला वाकायला सांगून पाठ पाहतील. त्या दिवशी पोरगी पाणी भरायला म्हणून घरी राहायला नको.